इंजिनातलं घर्षण कमी करून ॲव्हरेज वाढवायचं कसं: ऑइलच्या डब्यापासून होनिंगपर्यंत

गार इंजिनचे सगळे स्पार्क प्लग काढा, क्रँक पुलीच्या बोल्टला लांब पाना लावा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवा. प्लग नाहीत म्हणजे कॉम्प्रेशन नाही, तरी हाताला जोर लागतोच. पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, घासत असतात, कॅम टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) दाबत असतो, ऑइल सील क्रँकला धरून असतं. चालू इंजिन हेच काम मिनिटाला दोन-तीन हजार वेळा करतं आणि त्याची वसुली टाकीतून होते.

पेट्रोल इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून जातो आणि साधारण तेवढाच रेडिएटरमधून. इंजिनच्या आतल्या घर्षणात दहा टक्क्यांच्या आसपास जातात. या घर्षणाचा जवळजवळ अर्धा वाटा पिस्टन, रिंगा आणि लायनर यांचा असतो. क्रँक आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं साधारण पाव वाटा घेतात. उरलेलं कॅम, टॅपेट, व्हॉल्व्ह स्प्रिंगा, ऑइल पंप वगैरेंकडे जातं. घर्षण १० टक्क्यांनी घटवलं तर इंधनाची बचत साधारण १ ते ३ टक्के होते. रहदारीत रखडत चालणाऱ्या गाडीला ती जास्त जाणवते, कारण हलक्या लोडवर इंजिनच्या मेहनतीतला मोठा भाग स्वतःलाच फिरवण्यात जातो. ‘एक बाटली ओता आणि ३० टक्के वाचवा’ असं कोणी सांगत असेल तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

घर्षण म्हटलं की धातूवर धातू घासतोय असं चित्र डोळ्यांपुढे येतं. चालू इंजिनात बहुतेक ठिकाणी तसं नसतं. १९०२ मध्ये जर्मन अभियंते रिखार्ड स्ट्रिबेक यांनी बेअरिंगवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले आणि वेग, भार नि ऑइलचा दाटपणा बदलला की घर्षण कसं बदलतं ते स्पष्ट झालं. वेग अगदी कमी असेल तर ऑइलचा थर पूर्ण तयार होत नाही आणि धातू धातूला टेकतो. वेग वाढला की थर धातूंना वेगळं करतो आणि घर्षण झपाट्याने उतरतं. पण त्यापुढे वेग किंवा दाटपणा आणखी वाढला की घर्षण पुन्हा चढू लागतं, कारण आता ऑइलचे थरच एकमेकांवर ओढले जात असतात. क्रँकची बेअरिंगं जवळजवळ कायम या शेवटच्या अवस्थेत चालतात. रिंगाही स्ट्रोकच्या मधल्या भागात तिथेच असतात; धातू टेकतो तो वरच्या आणि खालच्या टोकाला, पिस्टन क्षणभर थांबतो तिथे. म्हणजे घर्षणात जाणारं बहुतेक पेट्रोल खातो तो ऑइलचा स्वतःचा दाटपणा. सगळं काम याच समजावर उभं आहे: ऑइल पुरेसं पातळ हवं, पण थर तुटेल इतकं नाही, ते लवकर तापायला हवं, आणि दर किलोमीटरला इंजिनचे फेरे कमी पडायला हवेत.

आधी मोजा

काहीही बदलण्याआधी आजचा आकडा लिहून ठेवा. टाकी फुल ते फुल ही पद्धत चालते, पण एकाच टाकीवर विश्वास ठेवू नका. त्याच पंपावर, नोजल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबून, किमान तीन टाक्यांची सरासरी काढा. पंपावर गाडी थोडी तिरकी उभी राहिली तरी लिटर-दीड लिटरचा फरक पडू शकतो, आणि आपण शोधतोय तो फरक त्याहून लहान असतो.

जास्त नेमकं माप तापलेल्या आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, मिळतं. गाडी उभी असताना इंधनाचं सगळं काम इंजिन फिरतं ठेवण्यात जातं, म्हणून घर्षणातला बदल इथे लवकर दिसतो. स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावा, गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवून आणा, एसी, दिवे आणि काच गरम करणारी तार बंद करा, रेडिएटरचा पंखा थांबण्याची वाट पाहा आणि पाच मिनिटांची सरासरी घ्या. गाडी इंधनाचा आकडा थेट देत नसेल पण हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असेल, तर पेट्रोल गाडीत हवेच्या आकड्याला १४.७ ने भागा. सेकंदाला २.२ ग्रॅम हवा असेल तर पेट्रोल सुमारे ०.१५ ग्रॅम, म्हणजे तासाला ५४० ग्रॅमच्या आसपास, अर्थात पाऊण लिटरला थोडं कमी. डिझेलला हे गणित लागू होत नाही.

याच वेळी टायरची हवा तपासा आणि गाडी थोडी चालवून चारही चाकांना हात लावून बघा. एखादं चाक इतरांपेक्षा गरम लागलं तर तिथे ब्रेक चिकटतोय. तो तसाच ठेवून ऑइलच्या ग्रेडचा विचार करण्यात अर्थ नाही.

ऑइल: डब्यावरचं नीट वाचा

५डब्ल्यू-३० मधला ‘५डब्ल्यू’ फक्त थंडीतल्या वागणुकीबद्दल बोलतो. इंजिन तापल्यावरचा दाटपणा दुसऱ्या आकड्यावर ठरतो. त्यामुळे ५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइलं तापल्यावर एकाच गटात येतात. फरक पडतो सकाळी स्टार्टर मारताना आणि नंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत. ‘५ म्हणजे पातळ, इंजिन खराब होईल’ ही भीती या गैरसमजातून येते.

१०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (दाटपणाचं एकक) या पट्ट्यात असावं लागतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ मध्ये आणि २० ग्रेडचं ६.९ ते ९.३ मध्ये. पण बेअरिंगमध्ये ऑइलचा थर प्रचंड वेगाने ओढला जातो आणि तिथलं तापमानही जास्त असतं. म्हणून १५० अंशांना, जोरात ओढ देऊन आणखी एक माप घेतात. त्याला एचटीएचएस म्हणतात. २० ग्रेडला ते किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद लागतं, ३० ला २.९, तर ०, ५ आणि १०डब्ल्यू-४० ला ३.५. ॲव्हरेज आणि इंजिनचं संरक्षण यांच्यातली खरी ओढाताण या आकड्यात असते.

इथे बरेच जण फसतात. दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, पण मागच्या बाजूला एकावर ‘एसीईए सी२’ आणि दुसऱ्यावर ‘एसीईए सी३’. एसीईए म्हणजे युरोपातल्या वाहन कंपन्यांची संघटना, आणि सी२, सी३ हे तिचे ऑइलचे दर्जे. सी२ ला एचटीएचएस किमान २.९ चालतं, सी३ ला किमान ३.५ लागतं. ग्रेड एकच, पण सी३ ऑइल इंजिनला जास्त ओढ देतं. सी५ तर २.६ ते २.९ च्या दरम्यान असतं. तेव्हा फक्त पुढचा आकडा बघून ऑइल घेऊ नका. एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) गोल चिन्हात खालच्या बाजूला ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असं असेल, तर ते ऑइल इंधन वाचवण्याच्या चाचणीतून गेलेलं असतं.

निवड अशी करा. गाडीच्या पुस्तिकेत चालणाऱ्या ग्रेडची यादी किंवा तापमानाचा तक्ता असतो. त्यात तुमच्या हवामानाला आणि वापराला चालणारी सर्वात पातळ ग्रेड घ्या आणि तिच्या खाली जाऊ नका. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-४० दोन्ही दिलं असेल, तर ५डब्ल्यू-३०. पुस्तिकेत फक्त ४० असेल, तर २० टाकण्याचा मोह टाळा. त्या इंजिनचा ऑइल पंप आणि बेअरिंगमधली फट वेगळ्या हिशेबाने बनवलेली असते.

फायदा किती? अमेरिकेच्या सरकारी इंधन-बचत मार्गदर्शिकेत योग्य ग्रेड वापरल्याने १ ते २ टक्के फरक पडतो असं दिलं आहे. प्रवास छोटे आणि इंजिन बहुतेक वेळा गार असेल तर थोडा जास्त.

जास्त पातळ ऑइल पडलं की लक्षणं ठरलेली असतात: तापलेल्या आयडलवर ऑइलचा दिवा लुकलुकतो, टॅपेटचा आवाज वाढतो, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल कमी होतं. जुन्या, बेअरिंगं सैल झालेल्या इंजिनात हे हमखास दिसतं. थेट इंजेक्शनच्या इंजिनात रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल आणखी पातळ होतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर ऑइल मुदतीआधी बदला.

मोटरसायकलवाल्यांसाठी वेगळी सूचना. क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर जासो या जपानी मानकाचा एमए किंवा एमए२ शिक्का असलेलंच ऑइल घ्या. गाड्यांच्या इंधन-बचतीच्या ऑइलमधला घर्षण कमी करणारा मसाला क्लच प्लेटांवरही काम करतो आणि क्लच घसरायला लागतो. सुका क्लच आणि बेल्ट असलेल्या स्कूटरला मात्र जासोचंच एमबी चालतं, आणि त्याची ओढ कमी असते.

पातळी आणि वय

जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा असं नसतं. चेंबरमध्ये पातळी खुणेच्या वर गेली की क्रँकची वजनं ऑइलमध्ये आपटू लागतात, ऑइल घुसळलं जातं आणि त्यात हवा मिसळते. फेसाळ ऑइल बेअरिंगमध्ये धड थर धरत नाही, हायड्रॉलिक टॅपेट वाजायला लागतात. इंजिनला साडेतीन लिटर लागत असताना ‘डबा उरतो कशाला’ म्हणून पूर्ण चार लिटर ओतले जातात, हा नेहमीचा प्रकार. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये, तीन चतुर्थांशाच्या आसपास ठेवा. बहुतेक कारमध्ये दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं.

ऑइल जुनं झालं की ऑक्सिडेशनने आणि काजळीने दाट होतं, आणि घर्षण कमी करणारी रसायनं त्याआधीच संपू लागतात. ॲव्हरेजसाठी घेतलेलं महाग ऑइल मुदतीच्या पुढे ओढलं तर तो खर्च वाया जातो.

तापमान: विसरलेला थर्मोस्टॅट

३० ग्रेडचं ऑइल १०० अंशांना जितकं दाट असतं, त्याच्या जवळपास सहापट ते ४० अंशांना असतं आणि २० अंशांना सुमारे पंधरापट. कूलंटचा काटा चार-पाच मिनिटांत मधोमध येतो, पण ऑइल तापायला त्याच्या दुप्पट किंवा जास्त वेळ घेतं. म्हणून तीन किलोमीटरच्या चार वेगळ्या फेऱ्या पेट्रोल खातात आणि तीच कामं एका फेरीत केली तर बचत होते. जागेवर उभं राहून इंजिन तापवत बसू नका. अर्ध्या मिनिटात निघा आणि काटा वर येईपर्यंत हलक्या पायाने चालवा.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ‘तो नसला की गाडी जास्त तापत नाही’ म्हणून तो काढून टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. तसं केलं की इंजिन कायम ६०-७० अंशांवर रेंगाळतं, ऑइल दाट राहतं आणि इंजिनचा कंप्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. थर्मोस्टॅट उघडा अडकला तरी तेच होतं. ओळखायचं असं: गार इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा, पंखा आणि बेल्टपासून लांब. होज बराच वेळ गार राहून मग अचानक तापला तर थर्मोस्टॅट ठीक. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर तो उघडा आहे. स्कॅनरवर मोकळ्या रस्त्यात तापमान खाली घसरत असेल किंवा पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही असं सांगणारा) कोड आला असेल, तरी संशय तिथेच.

खात्रीसाठी तो काढून भांड्यातल्या पाण्यात दोरीने टांगा, तळाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. अंगावर ८२ किंवा ८८ असा जो आकडा कोरलेला असतो, त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटला पाहिजे.

फेरे कमी करा

यात काहीच खर्च नाही, आणि बहुतेकांना सर्वात मोठा फायदा यातच मिळतो. ताशी ६० च्या वेगाला गाडी मिनिटाला बरोबर एक किलोमीटर कापते. तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएम असेल तर त्या किलोमीटरला ३,००० फेरे. पाचव्यात १,७५० असतील तर १,७५०. पिस्टनचा स्ट्रोक ८० मिलिमीटर धरला तर एका फेऱ्यात पिस्टन १६० मिलिमीटर सरकतो. म्हणजे दर किलोमीटरला प्रत्येक पिस्टन एकदा ४८० मीटर घासत जातो, दुसऱ्यांदा फक्त २८० मीटर. कुठल्याही ऑइलला हा फरक पाडता येणार नाही.

मात्र वरच्या गिअरमध्ये इंजिन धडधडेपर्यंत ओढू नका. खूप कमी आरपीएम आणि जड भार असेल तर बेअरिंगमधला थर पातळ होतो आणि नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होतं. टर्बो पेट्रोल इंजिनात १,५०० च्या खाली पूर्ण ॲक्सिलरेटर दाबणं तर पिस्टनसाठी धोक्याचं.

बाटलीतले उपाय

चांगल्या ऑइलमध्ये झिजेपासून वाचवणारं झिंकचं संयुग आणि बऱ्याचदा मोलिब्डेनमचं घर्षण कमी करणारं संयुग आधीच मोजून घातलेलं असतं. ही दोन्ही धातूच्या एकाच पृष्ठभागावर जागा मिळवायला झटत असतात. वरून आणखी काही ओतलं तर तो तोल बिघडतो. शिवाय असं रसायन मदत करतं ते धातू टेकतो तिथे, आणि इंजिनचं बहुतेक घर्षण तिथे नसतंच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकात अशा ॲडिटिव्ह विकणाऱ्यांवर पुराव्याविना केलेल्या दाव्यांसाठी कारवाई केली होती.

इंजिन फ्लश जपून. वर्षानुवर्षं गाळ साठलेल्या इंजिनात तो एकदम सुटला तर ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि प्रेशर जातं. अशा इंजिनात चांगलं ऑइल घालून दोन-तीनदा लवकर बदलणं बरं.

इंजिन उघडलंच असेल तर

फक्त ॲव्हरेजसाठी इंजिन खोलण्यात पैसे निघत नाहीत. पण धूर किंवा ऑइल खाणं यामुळे ते उघडलंच असेल, तर घर्षणाचा निकाल इथे कित्येक वर्षांसाठी लागतो.

बोअर. सिलिंडर हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक किंचित ओढला जातो आणि गोल बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ते भोक) थोडं वाकडं होतं. म्हणून होनिंग, म्हणजे बोअरची भिंत दगडांनी घासून नीट करणं, करताना हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट, तेच गास्केट आणि तोच टॉर्क लावून बोअर घासायला सांगा. बोअर गोल असेल तर हलक्या ताणाच्या रिंगाही ऑइल नीट खरवडतात; वाकडं असेल तर जास्त ताणाच्या रिंगा लागतात आणि घर्षण वाढतं. शेवटचा हात प्लॅटू होनिंगचा हवा: आधीच्या खरखरीत रेघांची टोकं बारीक दगडाने उतरवायची आणि ऑइल धरणाऱ्या खोल रेघा तशाच ठेवायच्या.

होनिंगनंतर बोअर पेट्रोल किंवा रॉकेलने धुऊ नका. त्याने ऑइल निघतं, पण दगडाची पूड रेघांमध्ये रुतून राहते आणि नव्या रिंगांना पॉलिश पेपरसारखी खाते. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश घेऊन घासा, सुकवा, लगेच ऑइल लावा आणि पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर राखाडी डाग दिसला की पुन्हा साबण. फडकं स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवायचं, मग चार वेळा करावं लागलं तरी.

रिंगा. प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये घाला, पिस्टन उलटा करून तिला साधारण २५ मिलिमीटर खाली सरळ बसवा आणि फीलर गेजने टोकांमधली फट मोजा. टर्बो नसलेल्या इंजिनात वरच्या रिंगला बोअरच्या प्रत्येक मिलिमीटरमागे ०.००४ मिलिमीटर हा ढोबळ नियम आहे. ७५ च्या बोअरला ०.३० मिलिमीटर. कंपनीचा आकडा असेल तर तोच पाळा. फट कमी ठेवली तर रिंग तापून टोकाला टोक भिडतं, बोअर ओरखडतं आणि रिंग तुटते.

बेअरिंगं. ५० मिलिमीटरच्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ०.०२५ ते ०.०५० मिलिमीटर फट नेहमीची. फट कमी असेल तर ऑइलची ओढ वाढते, फार जास्त असेल तर प्रेशर जातं. दिलेल्या मर्यादेच्या मधोमध राहा. प्लॅस्टिगेजची (दाबली जाऊन किती पसरते त्यावरून फट सांगणारी मऊ प्लॅस्टिकची) तार ठेवून मोजताना क्रँक अजिबात फिरवू नका, नाहीतर तार फासली जाऊन आकडा चुकीचा येतो.

आता सर्वात उपयोगी आणि सर्वात कमी केली जाणारी चाचणी. जुळवणी करताना प्रत्येक टप्प्यावर क्रँक फिरवायला लागणारा टॉर्क मोजा. टक् आवाज करणारा पाना यासाठी चालत नाही, काट्याचा हवा. आधी फक्त क्रँक, त्याला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या मेन कॅप आवळून. तो दोन बोटांनी फिरला पाहिजे. कॅप एकेक आवळत फिरवून बघा. एखाद्या कॅपला अडला तर कॅप उलटी बसली आहे, बेअरिंगखाली कचरा आहे किंवा क्रँक वाकलेला आहे. मग एकेक पिस्टन चढवा आणि क्रँक सलग फिरत असतानाचा आकडा लिहा. समजा पहिल्या तिन्ही पिस्टननी प्रत्येकी ३ न्यूटन-मीटर वाढवले आणि चौथ्याने एकदम ७, तर चौथा काढा. रिंगची फट, रॉडची कॅप, बोअरचं माप, यांपैकी काहीतरी चुकलेलं असतं. इंजिन गाडीत चढल्यावर ही चूक सापडत नाही.

व्हॉल्व्ह स्प्रिंगा कंपनीच्याच ताकदीच्या ठेवा. रेसिंगच्या कडक स्प्रिंगा कॅमवरचं घर्षण वाढवतात आणि रोजच्या गाडीला त्यांचा उपयोग नाही.

पहिले हजार किलोमीटर

नव्या रिंगा बोअरला बसतात त्या दाबामुळे, आणि हा दाब लोडखाली मिळतो. तासभर आयडलवर ठेवून ‘इंजिन मोकळं करणं’ उलट पडतं: रिंगा बसत नाहीत, बोअरवर जळलेल्या ऑइलचा चकचकीत थर चढतो. ऑइल आणि पाणी गळत नाही ना एवढं बघून गाडी रस्त्यावर काढा. मध्यम लोडवर वेग वाढवा, मग ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरू द्या, आणि हे पुन्हा पुन्हा करा. एकाच वेगाला लांब जाऊ नका, लाल रेषेकडेही नको. या काळात घर्षण कमी करणारं खास ऑइल नको. इंजिन कंपनीने वेगळी मुदत दिली नसेल तर पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० ते १,००० किलोमीटरला बदला. निघालेलं ऑइल उन्हात धरून बघा: बारीक चमक अपेक्षित आहे, हाताला लागणारे कण नाहीत.

आयडलचं माप पुन्हा घ्यायचं ते दोन-तीन हजार किलोमीटर झाल्यावर, पुस्तिकेतली पातळ ग्रेड भरून. आकडा तोवर उतरत राहतो. तेव्हाही ऑइलची पातळी दर हजार किलोमीटरला घटत असेल तर रिंगा बसलेल्या नाहीत, आणि त्यावर पिस्टन काढून बोअर पुन्हा होन करणं एवढाच इलाज आहे.